गोल खांद्याची पुंगळी

विलो फोर्क, मॉन्टाना
१६ ऑगस्ट १९६४

प्रिय रॉल्फ,

आधी खुर्चीत बस. बसलास? माझं नाव निघालं! हरणाच्या शिकारीच्या सोडतीत! अख्ख्या जिल्ह्यातून मोजक्या लोकांची नावं निघतात, आणि त्यात कोण, तर ओर्फा ट्वेटन, वय बहात्तर, शिक्षण तिसरी, दोन्ही गुडघे नादुरुस्त. अर्ज मी केलाच नव्हता. मेरलच्या कॅरोलने थट्टा म्हणून आजीचं नाव धाडून दिलं होतं. परवाना आला तेव्हा मी रानातल्या चोकचेरीची जेली बरण्यांत ओतत होते. इतकी हसले की निम्मी जेली टेबलावर सांडली. ती कुत्र्याने चाटली, अजून त्याच्या मिशा जांभळ्या आहेत.

अँडर्सबरोबर मी इतकी वर्षं माळावर गेले, पण कशाला, तर कॉफीचा थर्मास धरायला आणि हरीण पडलं की सोलायला. नेम धरायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही. तो जाऊन दोन हिवाळे झाले आणि आता पाळी आली. त्याला कळलं असतं तर कवळी पडेपर्यंत हसला असता.

पण मेरलने मोडता घातलाय. "आई, एकटीने जायचं नाही. आणि बाबांची ती बंदूक! ती कळणारा माणूस सोबत असेल तर जा, नाहीतर परवाना चुलीत घाल." म्हटलं, मग तू ये. तर म्हणे ऑक्टोबरात गुरं डोंगरावरून खाली आणायची असतात. माझा मुलगा गुरांच्या बाबतीत बापावर गेलाय. शिकारीच्या बाबतीत कोणावर गेलाय देव जाणे.

बरं, बंदूक आहे, पण काडतुसं नाहीत. जुन्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांच्या माना तडकल्यात. कॅरोल विचारते, "आजी, दुकानात जाऊन आण ना." तिला सांगितलं, पोरी, ही बंदूक म्हणजे आजोबांचा हट्ट आहे. दुकानातल्या काडतुसाचे मानेखालचे खांदे उतरते असतात, शाळेत फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलीसारखे. आजोबांना हवे होते शिपायासारखे ताठ, म्हणजे आत दारू जास्त मावते. म्हणून त्यांनी नळीतलं काडतुसाचं घर मोठं कोरून घेतलं. तसं काडतूस कुठलाच कारखाना करत नाही. दुकानातली पुंगळी त्या घरात घालून एकदा बार काढायचा, की पितळ फुगतं आणि घराचा आकार घेतं. मग ती त्याच बंदुकीची. दुसऱ्या बंदुकीत जाईलच असं नाही. कॅरोल म्हणाली, "म्हणजे लग्नासारखं." दहावीतली मुलगी आणि हे असलं बोलते.

पण तुझी आणि अँडर्सची बंदूक जुळी. एकाच हिवाळ्यात, एकाच म्हाताऱ्या बंदूकवाल्याने, एकाच हत्याराने दोन्हींची घरं कोरली. म्हणजे ही बंदूक कळणारा माणूस आता जगात एकच उरलाय, आणि तो ॲरिझोनात निवडुंगाखाली बसलाय. ये रे. हंगाम अकरा ऑक्टोबरला उघडतो. माझं नाव परत निघायला मी काही नव्वदीपर्यंत थांबणार नाही. तू आलास तर मी जाणार, नाहीतर नाही.

तुझी चुलतवहिनी,
ओर्फा

*

टूसॉन, ॲरिझोना
२३ ऑगस्ट

ओर्फा,

अभिनंदन. हरणांना कुणी कळवलं का?

येणं जमणार नाही. इथे उकाडा आहे, बस हाडं खिळखिळी करते, आणि नोरीन मला एकट्याला कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा सोडत नाही. मुलगी आहे की तुरुंगाची शिपाई, कळत नाही. शिवाय माझ्याकडे बंदूकच नाही. ती मी सहा वर्षांपूर्वी विकली. अँडर्सला तेव्हाच कळवलं होतं. बंदूक नसलेला माणूस कसला जाणकार?

पुंगळ्यांचं लिहिलंस म्हणून सांगतो. दुकानातलं भरलेलं काडतूस घे, त्या बंदुकीत घाल, मातीच्या बांधावर गोळी झाड. पुंगळी आपोआप आकार घेईल. डोळ्यांवर चष्मा लाव. अँडर्स काय करायचा ते मला माहीत आहे. गोळी वाचवायला तो दारूवर लापशीचा रवा भरायचा. त्याला मी तोंडावर सांगायचो, गड्या, न्याहारी चुलीवर कर, बंदुकीत नको. रव्याने खांदा कधी नीट निघत नाही. माझं ऐक, तू त्या भानगडीत पडू नकोस.

झाल्या की एक पाठव. बघून सांगतो.

रॉल्फ

*

विलो फोर्क
२ सप्टेंबर

प्रिय रॉल्फ,

पडले त्या भानगडीत.

ऐक, दुकानातली काडतुसं बांधावर उडवत बसायला मी काय सैन्य आहे? रवा घरात आहे, जेलीच्या बरण्यांवर ओतायचं मेण घरात आहे. दुकानातून आणलेल्या कोऱ्या पुंगळीत चिमूटभर दारू, वर रवा, तोंडाला मेणाचं बूच, आणि बंदुकीचं तोंड आभाळाकडे. दारूचं माप अँडर्सने दाखवलेलं आहे, इथे लिहीत नाही. आमचा पोस्टमन सगळ्यांची पत्रं उजेडाकडे धरून बघतो, उगाच स्वतःची बोटं उडवून घेईल. चष्मा म्हणशील तर मी मेरलचा गवत कापतानाचा चष्मा लावला होता. त्यात मी बेडकासारखी दिसते.

पहिला बार काढला आणि रॉल्फ, अंगणभर रवा बरसला! कोंबड्या धावत आल्या. कुत्रा शेडखाली गेला तो जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर येईना. करपलेल्या न्याहारीचा वास सगळ्या गल्लीभर. पलीकडची मिसेस हॉलंड कुंपणावरून ओरडली, "ओर्फा, लापशी लागली का गं?" म्हटलं, "हो गं, आभाळाला लागली." ती अजून माझ्याकडे जरा जपूनच बघते.

ती पहिली पुंगळी मात्र फसली. मी दारूत चिक्कूपणा केला, माझा हात आखडता, तुला माहीतच आहे. खांदा निघालाच नाही, दुधाच्या बाटलीसारखा गोल राहिला. मग हात जरा सैल सोडला आणि पुढच्या सगळ्या अशा निघाल्या की अँडर्सने मुका घेतला असता. माझा नाही, पुंगळीचा.

त्यातली सगळ्यात देखणी निवडून मोज्यात गुंडाळून पाठवते आहे. नुसती बघ आणि खरं काय ते सांग. मोजा परत नको, त्याला भोक आहे.

आणखी एक. तुझं अक्षर असं उतरणीला का लागलंय? ओळ सुरू होते छपराशी आणि संपते तळघरात. दोन शब्द तर एकमेकांच्या डोक्यावर बसलेत.

ओर्फा

*

टूसॉन
११ सप्टेंबर

ओर्फा,

अक्षराचं म्हणशील तर नोरीनने स्वस्तातलं पेन आणलंय.

पुंगळी मिळाली. मी माझा शब्द मागे घेतो, आणि हे मी आयुष्यात फार वेळा करत नाही. खांदा सुरीच्या पात्यासारखा धारदार निघालाय. खिडकीशी नेऊन नीट बघितला. अँडर्सच्या हातूनही इतका चोख निघाला नव्हता. आणि त्या म्हाताऱ्या बंदूकवाल्याला मानलं पाहिजे. बोल्ट असा अलगद बंद झाला की बोटाला कळलंसुद्धा नाही. दोन्ही घरं एकाच हाताने कोरल्याचा आणखी काय पुरावा हवा.

अशाच बाकीच्या कर. येणं मात्र खरंच जमणार नाही.

रॉल्फ

*

विलो फोर्क
१७ सप्टेंबर

प्रिय रॉल्फ,

कुठला बोल्ट?

हे मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे तुला नीट लागेल. विकलेल्या बंदुकीचा बोल्ट, पुंगळीमागचं ते दार, टूसॉनला बसून कसा बंद होतो रे? की ज्याला विकलीस तो रोज संध्याकाळी ती घेऊन तुझ्या पलंगावर येऊन बसतो?

मी तुझं पत्र स्वयंपाकघरात वाचलं आणि इतक्या जोरात ओरडले की कॅरोल वरून धावत आली. तिला वाटलं मी गेलेच. तिला दाखवलं. ती म्हणाली, "आजी, ते असं कसं लिहून बसले?" तिला सांगितलं, पोरी, यात नवल काही नाही. या लोकांच्या हातात ताजी पुंगळी दिली की ती आपल्या बंदुकीत घालून बघितल्याशिवाय यांना घास उतरत नाही. जसं मला कुणाच्या घरी भाकरीचं पीठ दिसलं की बोट लावल्याशिवाय राहवत नाही. मी लिहिलं होतं नुसती बघ. नुसती बघणारा ट्वेटन अजून जन्माला यायचाय.

अँडर्सला तू फसवलं नव्हतंस, बरं का. तुझं ते पत्र आलं तेव्हा तो म्हणाला, "रॉल्फने ती बंदूक विकली असेल तर मी माझी कवळी विकतो." आणि कवळी शेवटपर्यंत त्याच्या तोंडात होती.

तर आता बंदूक आहे, म्हणजे जाणकार आहे, म्हणजे मेरलची अट पुरी. मी त्याला सांगूनही टाकलंय की तू येतो आहेस. वरची खोली झाडली. गादी उन्हात टाकली, तिच्यावर मांजर व्याली, आता दुसरी गादी टाकली आहे. पिल्लं चार, सगळी काळी.

अक्षर मोठं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. कॅरोलचं हे नवं पेन जाडं आहे.

ओर्फा

*

टूसॉन
२४ सप्टेंबर

ओर्फा,

ठीक आहे. बंदूक पलंगाखाली आहे. नोरीनच्या इस्त्रीच्या घोंगडीत गुंडाळलेली. नोरीन ती सहा वर्षं शोधते आहे.

पण तू मेरलला परस्पर सांगायला नको होतंस. बंदूक असणं वेगळं आणि माणूस कामाचा असणं वेगळं. माझा तुला काही उपयोग होणार नाही. का ते विचारू नकोस. दरवर्षी ऑक्टोबर आला की अँडर्स बोलवायचा, दरवर्षी मी कारण शोधायचो. शेवटी कारणं संपली म्हणून विकली असं सांगितलं. झालं?

दुसरा कुणी बघ.

रॉल्फ

*

विलो फोर्क
२९ सप्टेंबर

प्रिय रॉल्फ,

विचारत नाही.

दुसरा कुणी बघायचा तर तो जन्माला घालावा लागेल, आणि तेवढा वेळ नाही.

तुला वाटतंय मी तुला डोंगर चढायला बोलावते आहे. मी तरी कुठे चढणार आहे? मेरल पिकअपमधून माळाच्या टोकाला सोडेल. तिथे मेंढपाळाची दगडी ताल आहे, बुटकी रचलेली भिंत, तिच्या आड अँडर्स बसायचा तिथे आपण बसायचं. थर्मास तू धर. मी चाळीस वर्षं धरलाय, आता पाळी बदलली. बंदूक मी चालवणार, परवाना माझ्या नावाचा आहे. तुझं काम एकच, वारा सांगायचा. माझे गाल आता असे चामड्यासारखे झालेत की वारा कुठून येतो मला कळत नाही. अँडर्स म्हणायचा, वारा ओळखावा तर रॉल्फने, डोळे मिटून ओळखतो.

तेवढ्यासाठी ये. डोळे मिटून ये.

बस बिलिंग्जला बदलते. मेरल न्यायला येईल. बंदूक आण, दोघी जुळ्या एकमेकींना भेटल्या नाहीत कित्येक वर्षांत. मी बटाट्याच्या पोळ्या करून ठेवते, लोणी लावून साखर भुरभुरून. तुझी मेरी करायची तशा नाही होणार, पण खायला हरकत नाही.

ओर्फा

*

विलो फोर्क
२ नोव्हेंबर

प्रिय रॉल्फ,

नोरीनचं पत्र आलं. तू तिथे न्हाव्याच्या दुकानात काय सांगत सुटला आहेस ते तिने सविस्तर कळवलंय. तीनशे यार्डांवरून? घोंघावत्या वाऱ्यात? आणि तुझ्या एका इशाऱ्यावर? रॉल्फ, मीसुद्धा तिथे होते. म्हणून खरं काय झालं ते लिहून पाठवते, न्हाव्याला वाचून दाखव.

सकाळी तालीआड बसलो. तू थर्मास धरलास, पहिले दोन कप कॉफी स्वतःच प्यायलास. मग माझा कोपर ओढलास. "ओर्फा, तो बघ. नर! कसा ऐटीत उभा आहे."

मी बघितलं. म्हटलं, "हो रे. अगदी ऐटीत."

"शिंगं बघ त्याची."

"बघते आहे."

"घाबरत कसा नाही? हलतसुद्धा नाहीये."

"हलणार नाही," मी म्हटलं, "मेरलने कमरेइतका खोल पुरलाय त्याला."

कुंपणाचा खांब, रॉल्फ. वर तारेचं वेटोळं अडकवलेलं.

मला वाटलं तू हसशील. तू हसला नाहीस. टोपी खाली ओढलीस. मला माझी जीभ चावावीशी वाटली. मग तूच गाल वळवलास आणि हळूच म्हणालास, "वारा फिरला. आता आपल्याकडे येतोय. सेजची झुडपं तुडवल्याचा वास येतोय, कुणीतरी चालतंय तिकडे." मी त्या बाजूला बघितलं, आणि उंचवट्याआडून पाच हरणं चालत आली, घरच्या अंगणात आल्यासारखी. तू म्हणालास, "थांब... अजून वारा स्थिर नाही. थांब... आता."

नव्वद पावलांवर होता तो नर. मेरलने नंतर चालून बघितलं, आणि मेरलचे पाय लांब आहेत.

मी बार काढला आणि नर जागच्या जागी कोसळला. मला रडू आलं. आणि तू काय म्हणालास? "रडतेस काय, पुंगळी उचल आधी." मी गवतात चाचपून शोधली, गरम होती, तुझ्या तळहातावर ठेवली. तू अंगठा फिरवलास तिच्या खांद्यावरून. तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता, ते न्हाव्याला सांगितलंस का? नाहीच सांगितलंस.

मांस तुझ्या वाटणीचं डबाबंद करून पाठवते आहे.

आता दुसरं. तू अजून ती इस्त्रीची घोंगडी सोडली नाहीस असं नोरीनच्या पत्रावरून दिसतं. सोड. आत मेरलच्या शेडमधला जुना पाण्याचा नळ आणि फरशी पुसायच्या दांड्याचा तुकडा आहे. वजन जुळवायला मला दोन दिवस लागले. तुझी बंदूक इथे आहे, अँडर्सच्या बंदुकीशेजारी खुंटीवर. तेल पाजलंय. दोघी मजेत आहेत.

ती हवी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नुसतं जाऊ नकोस, तो काय म्हणेल ते करून ये. नोरीन म्हणते दोन वर्षं तो तुला बोलावतोय. खांबाला शिंगं दिसणाऱ्या माणसाला मी बंदूक देणार नाही. हरकत असेल तर मेरलच्या नावाने तक्रार कर, माझ्या नावाने कुणी घेत नाही.

ओर्फा

*

टूसॉन
१० नोव्हेंबर

ओर्फा,

तुझं पत्र यायच्या आधीच मी घोंगडी न्हाव्याच्या दुकानात उलगडली. सगळ्यांसमोर. बंदूक दाखवायला म्हणून. आतून नळ निघाला. तो टणकन फरशीवर पडला आणि गडगडत खुर्चीखाली गेला. आता मला तिथे सगळे प्लंबर म्हणतात.

घोंगडी नोरीनने जप्त केली.

तू म्हातारी चोर आहेस. आणि मी डॉक्टरकडे जाणार नाही. उजव्या डोळ्याने कित्येक वर्षं धूसर दिसतं, दोन वर्षांपासून तर दूध सांडल्यासारखं, डाव्यानेही आता तेच सुरू झालंय. ते मला ठाऊक आहे, डॉक्टरने सांगायला नको. तो म्हणतो कापतो. माणूस जागा असताना. डोळ्यावर सुरी येताना मी बघत राहायचं, आणि नंतर कित्येक दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निपचित पडायचं.

मला भीती वाटते. लिहून दिलं. झालं समाधान?

रॉल्फ

*

विलो फोर्क
१६ नोव्हेंबर

प्रिय रॉल्फ,

नाही झालं. पण लिहिलंस ते बरं केलंस. प्लंबरवरून मी दोन दिवस हसत होते, आणि शेवटच्या ओळीशी आले की दर वेळी थांबत होते.

मला त्या दिवशी तालीआड किती भीती वाटली होती तुला माहीत नाही. बार चुकला तर जनावर जखमी होऊन पळणार, मेरल म्हणणार बघ, आणि अँडर्सची बंदूक माझ्या हातून लाजणार. नळीचं टोक आभाळात चित्रं काढत होतं. मग तू बाजूला म्हणालास, "थांब." तू म्हणालास म्हणून मी थांबले. एकटी असते तर कधीच घोडा ओढून मोकळी झाले असते.

तर मी येते. कापण्याचं काम डॉक्टरचं, तो जाणकार आहे. मी नुसती बाजूला बसेन आणि सांगेन, थांब, अजून थोडं, झालं. मी मॉन्टानाच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नाही. बस बिलिंग्जला बदलते एवढंच मला माहीत आहे, पुढे कुठे कुठे बदलते ते मेरल लिहून देणार आहे. तो म्हणाला, "आई, एवढ्या लांब एकटी?" म्हटलं, तिकडे जाणकार माणूस आहे ना, तूच तर अट घातली होतीस.

नोरीनला सांग, नाताळ झाल्यावर लगेच. आणि सांग, मी घोरते.

ओर्फा

*

टूसॉन
६ फेब्रुवारी १९६५

ओर्फा,

काल पट्टी सुटली. नवा चष्मा तुझ्या जेलीच्या बरणीच्या बुडासारखा जाड आहे. त्यातून दारं वाकडी दिसतात आणि मी चहा कपाबाहेर ओततो. डॉक्टर म्हणतो सवय होईल. दुसरा डोळा उन्हाळ्यात.

तू गेलीस तेव्हा मी अजून बांधलेलाच होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू चौदा दिवस त्या लाकडी खुर्चीत बसलीस. नर्स सांगते तू तिला पत्त्यांत हरवून तिची जेवणाची सुट्टी जिंकलीस. घोरतेस हे मात्र खरं. मला ते बरं वाटायचं. अंधारात कळायचं की कुणीतरी आहे.

आभार संपले. आता भांडण.

पट्टी सुटल्यावर आधी नोरीनचा चेहरा बघितला. ती केव्हा एवढी मेरीसारखी दिसायला लागली? मग घरी आलो, खणातून तुझी पुंगळी काढली, सप्टेंबरात मोज्यातून पाठवलेली. जग परत बघायचं तर काहीतरी सुबक बघावं म्हणून. खिडकीशी नेली.

ओर्फा! हा खांदा आहे? हा खांदा म्हणायचा? ही दुधाची बाटली आहे! पहिली, फसलेली, तुझ्या आखडत्या हाताची! आणि मी लिहून गेलो, सुरीच्या पात्यासारखा. बोल्ट अलगद बंद होईल नाहीतर काय, ती फुगलीच नव्हती, त्या घरात ती ढिली नाचत होती!

मग मी तुझी सगळी पत्रं काढली आणि ओळीने मांडली. ऑगस्टचं पत्र मुंगीच्या अक्षरात. दुसरंही तसंच. पुंगळीचा माझा जबाब गेल्यावर मात्र एकदम घोड्याएवढं अक्षर, आणि कॅरोलचं जाडं पेन! तुला सप्टेंबरातच सगळं कळलं होतं. बंदूकही आणि डोळाही. एका पुंगळीत दोन्ही पकडलेस आणि वर मला खांबापर्यंत चालवत नेलंस.

यावर मला तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे. मे महिन्यात येतो. बंदुकीला तेल पाजत राहा. मी आलो की पुंगळ्या मी करणार, बांधावर, खऱ्या गोळीने, आणि तू बाजूला बसून ताठ खांदा कसा असतो ते बघायचं. रवा फक्त न्याहारीला.

आणि मेरलला सांग, तो कुंपणाचा खांब उपटायचा नाही. मला तो एकदा नीट बघायचाय. अजूनही मला वाटतं त्याला शिंगं होती.

रॉल्फ